मामाची बॅटरी आणि माझा मल्टिमीटर

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे माझ्या मराठीत तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घाचे जे काही शॉक बसतील ते सहन करा. 'अल्टरनेटिंग करंट'ला मराठीत 'प्रत्यावर्ती प्रवाह' म्हणतात हे मला या लेखाच्या निमित्ताने कळलं. पण सरळगावच्या नाक्यावर गॅरेजमध्ये उभं राहून "काका, जरा प्रत्यावर्ती प्रवाह मोजता का?" असं कोणी विचारून दाखवावं! म्हणून मी आपलं एसी आणि डीसीच म्हणणार आहे.

तर मंडळी, गोष्ट माझ्या मामाच्या मोटरसायकलची आहे. मामाचं गाव किन्हवलीहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे घर शहापूर तालुक्यात आणि नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत. मुरबाडला रेल्वे नाही, सेकंड शिफ्ट सुटल्यावर एसटीही नसते. त्यामुळे रात्री साडेअकराला कंपनीतून निघायचं, कल्याण-माळशेज हायवेने सरळगाव गाठायचं आणि तिथून आत वळायचं, हे सगळं त्या शंभर सीसीच्या गाडीवर. गाडी २०१९ सालची, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली.

मागच्या पावसाळ्यात मामाने वर्षभरातली दुसरी बॅटरी टाकली. ती चार महिन्यांत बसली. आधी सेल्फ गेला. मामा म्हणाला, किक आहे ना. मग हॉर्न घोगरा झाला. मामा म्हणाला, रात्री कोणाला वाजवायचाय. मग इंडिकेटर लुकलुकायचे थांबले आणि नुसते मंद लाल पेटून राहायला लागले. हेडलाइट मात्र झकास! त्यामुळे मामाला वाटलं गाडीत करंट आहे, बॅटरीच फालतू निघाली. आणि एका रात्री पावसात टोकावड्याकडे परत जाणारा भाजीचा रिकामा ट्रक मामाच्या मागे होता. पुढे खड्डा आला म्हणून मामाने ब्रेक मारला. ट्रकवाल्याला काही कळलंच नाही, कारण मागचा ब्रेकलाइट पेटलाच नाही. ट्रक चिखलात घसरत बाजूला उतरला आणि मामाच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर थांबला. हे मामाने घरी कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही रविवारी गोठ्यामागे नेऊन, "आजीला बोलू नको" अशी अट घालून. वर म्हणाला, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग बघ की जरा. का नुसती पुस्तकं?"

खरं सांगू? थर्ड इयरला असूनही माझ्या पोटात गोळा आला. मशीन्सच्या पेपरात अल्टरनेटरचा फेजर डायग्राम मी डोळे मिटून काढते. पण खऱ्या गाडीत तो अल्टरनेटर नक्की कुठे बसलाय, हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

आधी गाडीत बॅटरी चार्ज होते कशी ते बघू. इंजिनच्या डाव्या कव्हरखाली क्रँकशाफ्टच्या टोकाला एक लोखंडी वाटी असते. तिच्या आत कडेने कायमचे चुंबक बसवलेले. गॅरेजमध्ये याला 'मॅग्नेट' म्हणतात. वाटीच्या आत, न फिरणारी, तांब्याच्या वेटोळ्यांची प्लेट असते. पुस्तकात ती स्टेटर, गॅरेजमध्ये 'कॉइल प्लेट'. इंजिन फिरलं की चुंबक वेटोळ्यांभोवती फिरतात आणि वेटोळ्यांत व्होल्टेज तयार होतं. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं तेच, फक्त मिनिटाला काही हजार वेळा. हे व्होल्टेज एसी असतं आणि इंजिनच्या वेगाबरोबर वाढतं. बॅटरीला मात्र डीसी लागतं, तेही ठरावीक मर्यादेत. म्हणून मध्ये एक पंख्यांसारख्या रेघा असलेला ॲल्युमिनियमचा छोटा डबा असतो, रेग्युलेटर-रेक्टिफायर, ज्याला मेकॅनिक लोक 'आरआर युनिट' म्हणतात. तो एसीचं डीसी करतो आणि बॅटरी भरली की हात आखडता घेतो.

मामाला मी हे शहापूरच्या भाषेत सांगितलं. आपल्या तालुक्यात भातसा, तानसा अशी धरणं, मुंबई त्या पाण्यावर जगते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव टँकर. म्हणजे पाणी असणं वेगळं आणि आपल्या टाकीत पडणं वेगळं. बॅटरी ही टाकी. मॅग्नेट हा पंप. रेग्युलेटर हा व्हॉल्व्ह. टाकीत पाणी नाही म्हणून नवी टाकी आणली, तर ती पहिल्या दिवशी भरलेली येते म्हणून बरं वाटतं, एवढंच. मामा म्हणाला, "म्हणजे मी दोनदा टाकीच बदलली." अगदी!

आणि हेडलाइटचं कोडं? मामाच्या गाडीसारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच. तो थेट कॉइलच्या एसीवर पेटतो, म्हणून रेस दिली की उजळतो. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींना इंजिन चालू झालं की हेडलाइट आपोआप लागलाच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे तो सतत दिसत राहतो आणि आपली फसगत होते. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, सेल्फ हे बॅटरीचे आश्रित. नेमकं जे मागच्याला दिसायला हवं तेच बॅटरीवर.

आता तपासणी. माझ्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर होता. आजीला मी म्हटलं, "बॅटरी बघतेय." तिने आतून टॉर्च आणून दिला. तिच्या भाषेत बॅटरी म्हणजे टॉर्चच! असो, सीटखाली अंधारच होता, उपयोगी पडला.

पहिली पायरी, गाडी बंद. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर डीसी २० व्होल्टच्या खाचेत ठेवून लावायचा. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. लोकांना वाटतं 'बारा व्होल्टची बॅटरी' बारा दाखवतेय म्हणजे ठीक. नाही हो, बारा म्हणजे नापास! मामाची ११.९ होती.

रिकाम्या बॅटरीवर पुढच्या टेस्ट करू नयेत, आकडे फसवतात. म्हणून नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ती चार्जिंगला दिली. एक लक्षात ठेवा, या बॅटऱ्या अगदी लहान असतात. मामाची ३ अँपिअर-अवरची. तिला तिच्या दहाव्या भागाने, म्हणजे ०.३ अँपिअरने, दहा-बारा तास सावकाश चार्ज करायचं. ट्रॅक्टर-ट्रकच्या मोठ्या चार्जरला लावून "तासाभरात देतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका, बॅटरी आतून उकळते. मी शेजारी उभी राहून विचारलं तेव्हा तिथल्या मिस्त्री काकांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं, मग छोटा चार्जर काढला. दुसऱ्या दिवशी बॅटरी १२.७. सेल्फ दाबून बघितला तर आकडा १०.४ पर्यंत उतरला आणि परत वर आला. साडेनऊच्या खाली कोसळला असता तर बॅटरीच गेली म्हणायचं. म्हणजे ही बॅटरी अजून जिवंत होती.

दुसरी पायरी, गाडी चालू. मीटर तसाच बॅटरीवर. रेस वाढवत न्यायची. टॅकोमीटर नसेल तर तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला इंजिन जसा आवाज करतं, तितकी. चांगल्या गाडीत आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान येऊन थांबतो. १५ च्या वर जात राहिला तर रेग्युलेटर मेला, मग बॅटरी फुगते आणि बल्ब पटापट उडतात. आमच्याकडे आकडा १२.६ वर जो बसला तो हलेना. मामाने रेस वाढवली, कोंबड्या पळाल्या, पण आकडा १२.६. ब्रेक दाबला तर १२.३.

निदान सोपं होतं, चार्जिंग होत नाही. पण का? फ्यूज बघितला, शाबूत. बॅटरीची टर्मिनल काचपेपरने घासली, घट्ट केली. फरक शून्य. आणि इथे मी माती खाल्ली.

मोबाइलवर मी एका मोठ्या परदेशी मोटरसायकलचा सर्व्हिस चार्ट वाचला होता. त्यात लिहिलेलं, कॉइलची वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मीटर लावा, जोडणी दाखवली तर कॉइल जळून बॉडीला शॉर्ट झालीय. मी रेग्युलेटरचा कपलर काढला, कॉइलच्या वायरवर एक टोक, इंजिनच्या बोल्टवर दुसरं. मीटर कोकलला! ०.९ ओहम. मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "मामा, कॉइल प्लेट गेली." मामाने खिशातून पैसे काढून मोजायला सुरुवात केली. कॉइल प्लेट आणि मजुरी धरून हजार-बाराशेचं काम होतं, आणि महिना संपायला अजून दहा दिवस होते.

आम्ही गाडी घेऊन परत त्याच गॅरेजला. मी मिस्त्री काकांना सांगितलं, कॉइल बदला. त्यांनी शांतपणे विचारलं, "कशावरून, ताई?" मी सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "या गाडीत कॉइलचं एक टोक बॉडीलाच जोडून येतं, कंपनीतून. ते बॉडीला लागणारच. आणि कॉइल जळाली असती तर तुमचा हेडलाइट एवढा पेटला असता का?"

माझे कान गरम झाले. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. मोठ्या गाड्यांत थ्री-फेज स्टेटर असतो, रेग्युलेटरकडे एकाच रंगाच्या, बहुधा पिवळ्या, तीन वायरी येतात आणि त्यांचा बॉडीशी काही संबंध नसतो. तिथे तो चार्ट लागू. छोट्या सिंगल-फेज गाड्यांत अनेकदा बॉडी हीच परतीची वायर असते. तिथे मीटर वाजणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण. (आणि त्या ०.९ मधले ०.४ माझ्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचे होते. आधी दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायचा असतो, हे प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलेलं मी विसरले.)

कॉइलची खरी परीक्षा बंद गाडीवर होतच नाही. कपलर सोडवून, मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू करून बघायचं. आम्ही केलं. आयडलला १५ च्या आसपास, रेस दिल्यावर चाळिशीपर्यंत सरसर चढलं. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे, त्यामुळे हे पाठ करू नका. रेसबरोबर एकसारखं चढतं की नाही ते बघा. चढत असेल तर मॅग्नेट आणि कॉइल निर्दोष. म्हणजे मामाचे हजार-बाराशे वाचले आणि माझी इभ्रत गेली.

आता राहिला रेग्युलेटर आणि वायरिंग. मी म्हटलं, "मग रेग्युलेटर." काका म्हणाले, "तसं अंदाजाने बदलत गेलं की शेवटी गाडी नवीनच होते." त्यांनी मला कपलर परत जोडायला लावला, आणि पिनसारखी बारीक तार रेग्युलेटरच्या बाजूने लाल वायरच्या मागून आत सरकवली. लाल वायर म्हणजे रेग्युलेटरकडून बॅटरीच्या प्लसकडे जाणारी. "आता इथे मोज आणि मग बॅटरीवर मोज. गाडी चालू ठेवून." एव्हाना ताईची 'तू' झाली होती, मला ते बढतीसारखं वाटलं.

रेग्युलेटरजवळ १४.४. बॅटरीवर १२.५.

एकाच वायरची दोन टोकं, आणि मध्ये १.९ व्होल्ट गायब! मग मीटरचं एक टोक लाल वायरवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवून थेट मोजलं, तेवढंच. इथे पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. कपलर ओढून काढला. लाल वायरची पिन हिरवी झालेली, भोवतालचं प्लॅस्टिक तपकिरी पडून मऊ झालेलं. मामाची गाडी रोज पावसात, भातलावणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर चिखलात. पाणी आत गेलं, तांब्याच्या पिनवर हिरवा गंज चढला, गंजामुळे अवरोध वाढला, अवरोधामुळे पिन तापली, तापल्याने पकड सैल झाली. चार्जिंगचा करंट एक अँपिअर धरला, तर १.९ व्होल्ट खाणारा अवरोध १.९ ओहमचा. फर्स्ट इयरचा ओहमचा नियम, बस्स.

पण मला यातली खरी गंमत नंतर कळली. रेग्युलेटर बिचारा आपल्या टोकाचं व्होल्टेज बघतो. तिथे १४.४ दिसलं की त्याला वाटतं टाकी भरली, आणि तो व्हॉल्व्ह आवळतो. पलीकडे बॅटरी उपाशी. यात रेग्युलेटरची चूक नाही, कॉइलची नाही, बॅटरीची तर नाहीच नाही. आणि अर्धपोटी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी नुसती रिकामी राहत नाही, ती मरते. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं. तसंच आठवडे राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी. फ्रान्सच्या गास्तों प्लाँतेने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे. म्हणजे मामाची पहिली बॅटरी खरंच गेली होती. फक्त तिला मारणारा सीटखाली तसाच बसून होता.

मग मी आधी हा कपलर तपासला नव्हता का? तपासला होता! गाडी बंद ठेवून, मीटर बझरवर टाकून. 'बीप' वाजला, मी पुढे गेले. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, बऱ्याच मीटरचा बझर तीस-पन्नास ओहमपर्यंत खुशाल वाजतो. त्याला १.९ ओहम म्हणजे किरकोळ. वायर तुटली आहे की नाही हे बझर सांगतो, ती करंट वाहून नेईल का हे सांगत नाही. त्यासाठी करंट वाहत असतानाच दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजायला हवा. काकांच्या शब्दांत, "झोपलेल्या माणसाला चालता येतं का, कसं कळणार?"

काकांनी कपलर कापून नवा लावला, पिना क्रिंप करून वर थोडं व्हॅसलिन. पुन्हा मीटर बॅटरीवर. रेस. १२.९... १३.६... १४.१. आणि थांबला. मामाने ब्रेक दाबला, मागे लालभडक लाइट, आकडा १३.८. काकांनी कपलर आणि मजुरीचे मिळून दीडशे रुपये घेतले.

ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी, ज्यांत हमखास गडबड होते. चार्जिंग बरोबर असूनही गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसत असेल, तर चावी बंद असतानाही कुठेतरी करंट गळतोय. बॅटरीची मायनस वायर काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा. काही मिलिअँपिअर ठीक. ५० मिलिअँपिअर गळत असेल तर ३ अँपिअर-अवरची बॅटरी साठ तासांत रिकामी, म्हणजे अडीच दिवस! मीटर असा मध्ये असताना सेल्फ दाबू नका. आणि नंतर लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेतून परत व्होल्टच्या खाचेत घालायला विसरू नका. आमच्या वर्गातला एकजण विसरला, तसाच बॅटरीवर लावला, आणि मीटरमधून जो धूर निघाला त्याची आठवण अजून लॅबमध्ये काढतात.

दुसरं, जुने लोक "इंजिन चालू करून बॅटरीची वायर काढ, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ओके" अशी ट्रिक सांगतात. करू नका. बॅटरी ही सगळं व्होल्टेज सावरून धरणारी गादी असते, ती काढली की उसळलेलं व्होल्टेज मिळेल त्याच्यात घुसतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि छोट्या गाड्याही फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या, त्यांच्यात कॉम्प्युटर आहे. तो या ट्रिकमध्ये गेला तर बॅटरीच्या कितीतरी पट खर्च. शिवाय जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या मेलेल्या बॅटरीवरही किकने चालू व्हायच्या, इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा पंप फिरवायलाच बॅटरी लागते. अशी गाडी रात्री माळशेजच्या पायथ्याशी बंद पडली की "किक आहे ना" म्हणून भागत नाही.

पॉवर टिलर, छोटे जनरेटर यांच्यातही जिथे बॅटरी आहे तिथे गोष्ट हीच, आकडे जवळपास हेच. फक्त कॉइलचं टोक बॉडीला आहे की नाही ते आधी बघा, माझ्यासारखं करू नका.

मामाने घरी येऊन आजीला सांगितलं, "पोरीने गाडी केली." मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर त्याने डोळ्याने गप्प केलं. ट्रकचं आजीला अजूनही माहीत नाही. गणपतीत गेले तेव्हा परत मीटर लावला. गाडी बंद, १२.७. चालू, १४.१. कपलर उघडून बघितला, व्हॅसलिनखाली पिन पिवळीधमक. या जूनमध्ये पाऊस लागायच्या आत पुन्हा बघायचाय.